नुक्ता दिसतो का?

उर्दूच्या पहिलीच्या वर्गात बे, पे, ते आणि से ही अक्षरे शिकवायला बरेच दिवस लागतात. चौघांचा आकार एकच, पसरट होडीसारखा. वेगळेपण फक्त नुक्त्यांत. बेच्या खाली एक, पेच्या खाली तीन, तेच्या डोक्यावर दोन आणि सेच्या डोक्यावर तीन. फळ्यावर खडूने दिलेले हे नुक्ते तिसऱ्या-चौथ्या बाकावरून दिसले नाहीत, तर त्या मुलाला चारही अक्षरे सारखीच. मग तो अंदाजाने वाचतो. अंदाज चुकला की वर्ग हसतो, घरी तक्रार जाते आणि ‘पोराचं अभ्यासात लक्षच नाही’ असा शिक्का बसतो. मराठीतही तेच. ‘वश’ आणि ‘वंश’ यांत अंतर एका टिंबाचे. गणितात ३.५ मधले दशांशचिन्ह दिसले नाही की ३५ होतात आणि सगळे उदाहरण चुकते.

अशा मुलाला ओरडण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा : बाळ, तुला नुक्ता दिसतो का?

मोठ्या माणसाची नजर कमी झाली तर त्याला ते कळते, कारण पूर्वी कसे दिसायचे हे त्याला आठवत असते. मुलाकडे अशी आठवण नसते. जन्मापासून धूसर दिसत असेल तर जग असेच असते, असे त्याला वाटते. त्यामुळे ‘मला दिसत नाही’ ही तक्रार मूल सहसा करत नाही. त्याचे वागणे मात्र बोलत असते. ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसते, डोळे बारीक करून बघते, मान एका बाजूला कलती ठेवते, फळ्यावरचे उतरवण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते, पुस्तक नाकाशी धरते, वारंवार डोळे चोळते. सिपारा वाचताना जेर-जबर गाळणारे मूलही याच यादीत येते. यातले काहीही दिसले, तर शिकवणी बदलण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

एका डोळ्याची कमजोरी

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे एक डोळा चांगला आणि दुसरा कमजोर असणे. अशा मुलाचे सगळे व्यवहार चांगल्या डोळ्यावर चालतात. ते खेळते, पळते, वाचते, कुणाला शंकाही येत नाही. पण मेंदूची एक रीत आहे. ज्या डोळ्याकडून अस्पष्ट चित्र येते, त्याच्याकडे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करू लागतो. त्या डोळ्याची बघण्याची शक्ती नीट घडतच नाही. डॉक्टर याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. लहान वयात हे लक्षात आले तर चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून कमजोर डोळ्याला कामाला लावता येते. साधारण सात-आठ वर्षांच्या आत सुरू केलेला उपचार सर्वांत चांगला लागू पडतो. पुढे वय वाढेल तसा उपयोग कमी होत जातो. दहावीनंतर भरतीच्या वैद्यकीय तपासणीत हा दोष उघडा पडला, तर तेव्हा चष्म्यानेही ती नजर पुरती येत नाही.

घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मोठ्या तारखेखाली बारीक हिजरी तारीख छापलेली असते. मुलाला दहा फुटांवर उभे करा. एक डोळा तळहाताने, न दाबता, झाकायला सांगा आणि दुसऱ्या डोळ्याने आधी मोठी आणि मग बारीक तारीख वाचू द्या. मग डोळा बदला. दोन्ही डोळ्यांत फरक जाणवला, किंवा एक डोळा झाकताच मूल चिडून हात काढू लागले, तर तपासणी लांबवू नका. ही घरगुती परीक्षा फक्त संशय घेण्यापुरती आहे. तिच्यात पास झाले म्हणून डॉक्टरांची तपासणी टळत नाही.

तिरळेपणाचेही असेच. काही घरांत तिरळे मूल नशीबवान समजतात, काही घरांत ‘मोठा झाला की होईल सरळ’ म्हणतात. सहा महिन्यांनंतरही डोळा तिरका जात असेल तर दाखवायलाच हवे, कारण तिरळा डोळाच पुढे आळशी होतो. आणि एक खूण तर एका दिवसाचीही दिरंगाई सहन करत नाही : बाळाच्या काळ्या बाहुलीत पांढरी झाक दिसणे. कधी ती मोबाइलवर काढलेल्या फोटोत दिसते. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, किंवा डोळ्याच्या आतला कर्करोगही. वेळेत नेले तर मुलाचा जीव आणि नजर दोन्ही वाचू शकतात. ‘नजर लागली असेल’ म्हणून उतरवत बसण्याची ही वेळ नव्हे.

दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांची गोष्ट आणखी वेगळी. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतील तर त्या वेळी उपचार होतात. नंतर ती वेळ परत येत नाही. चाळिसाव्यापर्यंत घराबाहेर पडायचे नाही, हा रिवाज अशा बाळाच्या बाबतीत बाजूला ठेवावा.

जवळच्या नात्यात निकाह झालेल्या घरांत रातांधळेपणा किंवा जन्मजात दृष्टिदोषाचा इतिहास असेल, तर पुढच्या प्रत्येक मुलाचे डोळे लहानपणीच तपासावेत. काही दोष आई आणि वडील दोघांकडून मिळून उतरतात आणि एकाच खानदानात त्यांची शक्यता वाढते. यात कुणाला दोष द्यायचा नाही. माहिती असली की सावध राहता येते.

सुरमा, चष्मा आणि गैरसमज

अरबीत सुरम्याला ‘कुहल’ म्हणतात आणि त्यावरूनच डोळ्यांच्या वैद्याला ‘कह्हाल’ हे नाव पडले. साधारण हजार वर्षांपूर्वी बगदादच्या अली इब्ने ईसा या कह्हालाने डोळ्यांच्या विकारांवर ‘तज़किरतुल कह्हालीन’ हा ग्रंथ लिहिला. पुढे कित्येक शतके तो वैद्यांच्या उपयोगी पडला. मोसुलच्या अम्मार इब्ने अलीने पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची पद्धत नोंदवली. बसरा येथे जन्मलेल्या इब्नुल हैसमने वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो म्हणून आपल्याला दिसते, हे प्रयोगांनी मांडले. डोळा नीट बघावा, तपासावा, त्यातला दोष ओळखावा ही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट नाही.

सुरम्याबद्दल आदर राखूनच एक सांगायचे आहे. आज बाजारात सुरमा म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पुड्या आणि कांड्यांमध्ये शिसे असते. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक आहे. मूल डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते. शिवाय एकच सलाई घरभर फिरली की एकाचे डोळे आलेले सगळ्यांना येतात. म्हणून तान्ह्या बाळाच्या डोळ्यात सुरमा-काजळ घालू नये, आणि सुरम्याने चष्म्याचा नंबर जातो या भरवशावर तर मुळीच राहू नये. नंबर हा डोळ्याच्या घडणीतला फरक असतो. बहुतेक लघुदृष्टीत डोळ्याचा गोळा किंचित लांब झालेला असतो. कोणत्याही पुडीने तो आखूड होत नाही.

‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हाही असाच समज. मुलाची उंची वाढते तसा डोळाही वाढतो आणि त्याबरोबर नंबर बदलू शकतो. चष्मा त्याला कारण नसतो. उलट गरजेचा चष्मा न लावल्याने लहान मुलाची नजर कायमची अर्धवट राहू शकते. आणि ‘मुलीला चष्मा लागला तर स्थळं कशी येणार?’ हा प्रश्न आपल्या घरांत अजून विचारला जातो, म्हणून त्याचेही उत्तर द्यायला हवे. चष्मा लपवून मुलगी दहावी-बारावीला मागे पडली, शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवताना तिचे डोके दुखू लागले, रस्ता ओलांडताना तिला रिक्षा उशिरा दिसली, तर ही किंमत कोण मोजणार? ज्या घराला चष्मा खटकतो, त्या घराचा विचार मुलीच्या माँ-बापांनीच नीट करावा.

लघुदृष्टीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हाती आहे. जी मुले दिवसा उघड्यावर जास्त वेळ असतात त्यांच्यात ती कमी सुरू होते, असे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. रोज दोन तास बाहेरचा उजेड मिळावा, असा सल्ला त्यातूनच आला. आपल्या मुलांचा दिवस बघा. सकाळी शाळा, दुपारी मकतब, संध्याकाळी ट्यूशन, रात्री मोबाइल. सगळे जवळचे बघणे. असर ते मगरिब हा वेळ मैदानासाठी राखून ठेवला तर डोळ्यांचेही भले होईल. वाचताना किंवा मोबाइल बघताना दर २० मिनिटांनी २० सेकंद वीस फुटांपलीकडे बघावे, हा सोपा नियम घरातल्या सगळ्यांनीच पाळावा.

चाळिशीनंतर

चाळिशी आली की कुरआन शरीफ हातभर लांब धरावे लागते, हे बहुतेकांच्या अनुभवाचे आहे. डोळ्यातले भिंग वयानुसार कडक होते आणि जवळचे बघण्यासाठी त्याला आकार बदलता येत नाही. हा आजार नाही, केस पिकण्यासारखेच ते आहे. पण त्याचे परिणाम कामावर होतात. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारा कारागीर, घरात जरीकाम किंवा फॉल-पिकोचे काम करणारी बहीण, औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचणारी दादी, या सगळ्यांना वाचनाचा चष्मा मिळाला तर काम आणि कमाई दोन्ही सावरतात. फुटपाथवरून उचललेल्या चष्म्याने तेवढ्यापुरते भागते, पण दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर डोकेदुखी मागे लागते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे चष्मा मिळाला म्हणून तपासणी राहून जाते.

कारण चाळिशीनंतरचा खरा धोका न दुखणारा असतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जोडीने घेतली जातात, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते काढून कृत्रिम भिंग बसवता येते आणि बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्याने. सुरुवातीला कडेची नजर जाते आणि समोरचे मात्र स्वच्छ दिसत राहते. माणूस बाजूने येणाऱ्या सायकलला धडकतो, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, आणि ‘वय झालं’ म्हणतो. गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. थेंबांनी, लेसरने किंवा ऑपरेशनने उरलेली राखता येते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर बाकीच्यांनी लवकर तपासून घ्यावे. ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू’ म्हणून थांबलेल्या माणसाला प्रत्यक्षात काचबिंदू असेल, तर ते थांबणे फार महागात पडते.

डोळे लाल झाले, खाज आली की मेडिकलमधून थेंब आणून महिनोन्‌महिने घालण्याची सवयही घातक आहे. झटपट आराम देणाऱ्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते वापरत राहिल्यास मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात, लहान मुलांनाही.

दुसरा गुपचूप शत्रू म्हणजे शुगर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. शुगर वाढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, बंद पडतात, पुढे फुटतातही. सुरुवातीला नजर अगदी उत्तम असते. म्हणून शुगर निघाल्याबरोबर एकदा आणि नंतर दरवर्षी थेंब टाकून पडदा तपासायला हवा, चष्मा असो वा नसो. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी करून घ्यावी, कारण बाळंतपणाच्या काळात हा त्रास वेगाने वाढू शकतो.

रोजा आणि डोळ्यांतले थेंब

रमजानमध्ये काचबिंदूचे रुग्ण थेंब बंद करतात आणि ईदनंतर दाब वाढलेला निघतो. कुणी ऑपरेशन ‘रोजे झाल्यावर’ म्हणून ढकलत राहतात. याबाबत मसला जाणून घ्यावा. हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांत डोळ्यात औषध किंवा सुरमा घातल्याने रोजा तुटत नाही, आणि आपल्याकडे देशावर बहुसंख्य हनफी तर कोकणात बहुसंख्य शाफई आहेत. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही १९९७ मध्ये डोळ्यांतल्या थेंबांनी रोजा तुटत नाही असाच निर्णय दिला. मनात शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा, पण विचारेपर्यंतही थेंब बंद करू नका. थेंब घातल्यावर नाकाजवळच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर बोटाने मिनिट-दोन मिनिटे हलका दाब दिला तर औषध घशाकडे उतरत नाही. ऑपरेशननंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते आणि डॉक्टर वाकायला मना करतात. त्या काळात वजू आणि सजद्याबाबत आजारी माणसाला शरीअतने सवलत दिली आहे. ती घेण्यात संकोच नको.

तपासणी म्हणजे काय?

चष्म्याच्या दुकानात काढलेला नंबर ही पूर्ण तपासणी नव्हे. डॉक्टर सहा मीटरवरच्या तक्त्यावरून प्रत्येक डोळ्याची नजर बघतात. ६/१८ लिहिले असेल तर निकोप डोळा जे १८ मीटरवरून वाचतो ते तुम्हाला सहा मीटरवरून वाचता येते, असा त्याचा अर्थ. मग डोळ्यातला दाब मोजतात, भिंग बघतात, थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा आणि नस तपासतात. थेंबांमुळे काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड खुपतो, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नये. लहान मुलांना कधी मलम किंवा जास्त वेळ चालणारे थेंब देतात. त्यांचा असर काही दिवसही राहतो. घाबरण्यासारखे त्यात काही नसते.

शाळेत घालण्याआधी, तीन ते चार वर्षांच्या दरम्यान, प्रत्येक मुलाची एकदा तपासणी व्हावी. चष्मा असलेल्या मुलाची दरवर्षी, नाहीतर डॉक्टर सांगतील तशी. मोठ्यांनी चाळिशीला एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी, नंतर साधारण दोन वर्षांनी आणि साठीनंतर दरवर्षी. घरातल्या बाया सगळ्यांचे झाल्यावर स्वतःचे बघतात, आणि तपासणीची अंधारी खोली, परका पुरुष या संकोचाने तेही राहून जाते. सोबत शौहर, मुलगा किंवा नणंद आत थांबू शकते. चेहऱ्यावर नकाब असेल तर डोळे उघडे असले तरी पुष्कळशी तपासणी होते. बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात हे आधी विचारून जाता येते. संकोचाला वाट आहे, गेलेल्या नजरेला नाही.

पैशांची अडचण असेल तर सरकारी सोयी माहीत असाव्यात. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नका. अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे एकूण नऊ डोस मिळतात, तेही चुकवू नयेत. जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते.

सूरह अल-बलदमध्ये अल्लाहने माणसाला दिलेल्या दोन डोळ्यांची आठवण करून दिली आहे, आणि सूरह बनी इस्राईलमध्ये कान, डोळे आणि हृदय यांच्याबद्दल जाब विचारला जाईल असे बजावले आहे. आपण काय बघितले याचा हिशेब तर द्यायचाच आहे. जी नेअमत अमानत म्हणून मिळाली ती कशी सांभाळली, हाही त्याच हिशेबाचा भाग मानायला हवा. अंधत्व ही कमीपणाची गोष्ट नाही. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) अंध होते आणि प्रेषितांचे (स.) मुअज्जिन होते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यांतल्या किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा अजून त्यावर उपचार व्हायचे आहेत. तो टाळणे आपल्या हातात असेल तर ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून गप्प बसता येणार नाही. इलाज करून घ्या, ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक दृष्टी दिन असतो. दुसऱ्या दिवशी जुमा. मशिदीच्या ट्रस्टने जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागाशी आधीच बोलून त्या जुम्याला मदरशाच्या वर्गात एक शिबिर ठेवले, एक खोली बायकांसाठी राखली, आणि हकदार असलेल्यांच्या चष्म्याचा खर्च जकातीतून उचलला, तर मोहल्ल्यातल्या कित्येक घरांत उजेड पडेल. तोवर आज संध्याकाळी कॅलेंडरसमोर आपल्या मुलांना उभे करा. मग त्यांच्या दादा-दादींना. आणि शेवटी स्वतः उभे राहा.